लहान तोंडी मोठा घास: टेबलावरचं सीएनसी घेण्याआधी

असल्या रील तुम्हीही पाहिल्या असतील. टेबलावर शिलाई मशीनएवढं एक यंत्र, त्यावर सागवानाची फळी, आणि पंधरा सेकंदांत ‘शुभ लाभ’ कोरून तयार. भुसा उडतो, कोणीतरी फुंकर मारतं, तेलाचा हात फिरतो, संपलं. त्यानंतर मला फोन येतो. नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत असलं एक यंत्र दोन वर्षांपासून आहे, ही बातमी नातेवाइकांत पुरती पसरली आहे. ‘पंधरा-वीस हजारांत येतं म्हणे. घेऊ का?’

मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आधी ते काय आहे ते सांगतो. ते ऐकून निम्मे जण विचार सोडतात. उरलेले घेतात आणि सुखाने वापरतात.

राउटर म्हणजे वाय-फायचा डबा नव्हे

सुतारकामातला राउटर म्हणजे जोरात फिरणारं, लाकूड खरवडत नेणारं हत्यार. त्याला लावायच्या पात्याला बिट म्हणतात. सुताराच्या हातात राउटर असतो तेव्हा तो कुठे न्यायचा हे त्याचा डोळा ठरवतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटर न्युमेरिकल कंट्रोल, यात हे काम आकडे करतात. कल्पना जुनी आहे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने असं पहिलं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, तेव्हा आकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून द्यावे लागत. आपल्या हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत फिरणारी सीएनसी यंत्रं त्याच घराण्यातली. टेबलावरचं हे त्या घराण्याचं शेंडेफळ.

या शेंडेफळाच्या सगळ्यात खपणाऱ्या नमुन्याला ‘३०१८’ म्हणतात. त्यात गूढ काही नाही. कामाची जागा ३० सेंटीमीटर बाय १८ सेंटीमीटर, म्हणून ३०१८. उंचीला साडेचार सेंटीमीटरच्या आसपास हालचाल. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड सरकतं, तसं इथे खालचा पाट पुढेमागे सरकतो आणि वरची बिट डावी-उजवीकडे नि वरखाली जाते.

तिला कुठे जायचं हे सांगणाऱ्या भाषेला जी-कोड म्हणतात. ‘जी१ एक्स२० वाय५ एफ५००’ अशी ओळ आली की यंत्र समजतं: आडव्या दिशेने २० मिलिमीटरवर आणि उभ्या दिशेने ५ मिलिमीटरवर असलेल्या बिंदूपर्यंत, मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाने, कापत जा. अशा हजारो ओळींची फाइल सॉफ्टवेअरच तयार करतं, आपण ती हाताने लिहीत नाही. ती वाचणारा प्रोग्राम बहुतेक वेळा जीआरबीएल असतो. तो २००९ पासून फुकट आणि सगळ्यांसाठी खुला आहे, आणि अवघ्या ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये मावतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या शंभरपट मोठा असतो. हे यंत्र एवढं स्वस्त होण्यामागे त्या फुकट प्रोग्रामचा मोठा हात आहे.

डोळ्याला पट्टी बांधून पावलं मोजणारा

यातल्या तिन्ही मोटारी स्टेपर जातीच्या असतात. पंख्यासारख्या सुसाट न फिरता त्या एकेक पाऊल टाकतात. एका फेऱ्यात २०० पावलं. कंट्रोलर, म्हणजे मोटारींना हुकूम देणारा बोर्ड, त्यातल्या प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे करतो, म्हणजे ३,२०० बारीक पावलं. मोटारीला जोडलेला आट्यांचा दांडा एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे ढकलत असेल, तर एका मिलिमीटरला ८०० पावलं झाली. जाहिरातीतली डोळे दिपवणारी अचूकता इथूनच येते.

पण मोटारीला डोळे नसतात. ‘पाचशे पावलं टाक’ म्हटलं की ती टाकते आणि पोचलो असं धरून चालते. वाटेत बिट गाठीत अडकली आणि वीस पावलं जागच्या जागी झाली, तरी तिला पत्ता नसतो. पुढचं सगळं काम तेवढंच सरकून होतं.

माझी पहिली नेमप्लेट अशीच गेली. मावशीच्या घरासाठी होती, वर ‘श्री’ आणि खाली आडनाव. ‘श्री’ झकास झाला. आडनावाच्या दुसऱ्या अक्षराशी लाकडात गाठ होती. कटकट असा आवाज आला, मी चहाचा कप ठेवून धावलो, तोवर पुढची दोन अक्षरं चार मिलिमीटर खाली कोरली जाऊ लागली होती. शिरोरेषेला मधोमध पायरी पडली. ती पाटी अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवतो.

वीज गेली तरी हेच. यंत्र परत सुरू झालं की आपण कुठे होतो हे त्याला आठवत नाही. त्यासाठी कडेला लिमिट स्विच असतात. यंत्र कोपऱ्यात जाऊन त्यांना शिवतं आणि तिथून पुन्हा मोजायला लागतं. अगदी स्वस्त यंत्रात हे नसतात. शिवाय फाइल लॅपटॉपमधून यूएसबीच्या वायरीने थेंबाथेंबाने येत असते. लॅपटॉप झोपला की यंत्रही थांबतं. आमच्याकडे कूलरची मोटार सुरू झाली की ती वायर कधीकधी संपर्कच तोडायची. वायर आखूड केली, यंत्राचा प्लग वेगळ्या बोर्डावर नेला, तेव्हा कुठे सुटका झाली.

घास केवढा घ्यायचा

घरातला मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो. ३०१८ सोबत येणारा अडॅप्टर बहुधा २४ व्होल्टचा, शे-सव्वाशे वॅटचा. म्हणजे मिक्सरच्या पाचव्या हिश्शाच्या ताकदीने हे यंत्र लाकडाशी झगडतं, आणि तेही हलक्या चौकटीवर उभं राहून. बिट लाकूड ढकलते तेव्हा लाकूडही बिटीला उलट ढकलतं. कारखान्यातलं यंत्र बिडाचं, टनावारी वजनाचं असतं, त्याला हे ढकलणं कळतही नाही. आपलं यंत्र वाकतं. केसभर वाकतं, पण ते केसभर कोरीवकामात दिसतं.

म्हणून घास लहान घ्यायचा. अडकित्त्याने सुपारीचा पातळ काप सहज निघतो. अख्खी सुपारी एका दाबात फोडायला गेलात की अडकित्ता सटकतो किंवा बोट जातं. लाकडात एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही, हा माझा या यंत्रापुरता नियम आहे. तीन मिलिमीटर खोल हवं असेल तर सहा फेऱ्या.

मग वेगही अगदी मंद ठेवावा, असं वाटेल. इथे बरेच जण फसतात. घास लहान हवा, पण घास तर हवाच. बिट फार हळू सरकली तर ती कापत नाही, नुसती घासते. तापते, लाकूड काळं पडतं, अॅक्रिलिक तर वितळून बिटीलाच चिकटतं. पोळी तव्यावर ठेवून विसरलात तर करपते, तसंच. हिशेब सोपा आहे. बिट मिनिटाला १०,००० फेरे फिरते, तिला एकच धार आहे आणि प्रत्येक फेऱ्यात ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा निघावा अशी इच्छा आहे. तिन्हींचा गुणाकार करा: मिनिटाला ५०० मिलिमीटर. सुरुवात तिथून करावी आणि मग कान वापरावा. सारखा एकसुरी आवाज आणि भुशात चुरचुरीत कण दिसले तर ठीक. पिठासारखी बारीक धूळ पडत असेल तर बिट कापत नाहीये, घासतेय.

लकडगंजला एका आरा मशीनवाल्याकडे मी सरावासाठी उरलासुरला तुकडा मागायला गेलो होतो. मोबाइलवर यंत्राचा फोटो दाखवला. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘भाऊ, हे सागवान आहे, लोणी नाही. पहिले आंब्याच्या लाकडावर हात बसवा न.’ सल्ला लाखमोलाचा होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या सागवानाला व्यापारात अजून ‘सीपी टीक’ म्हणतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसचं सागवान, ते दिसायला देखणं खरं. पण सागवानात सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचा अंश असतो आणि तो बिटीची धार भराभर खातो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती

कोरीवकामाला बहुतेक वेळा व्ही-बिट वापरतात, पेन्सिलीसारखी टोकदार. ती जितकी खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. ६० अंशाची बिट एक मिलिमीटर आत गेली तर वर १.१५ मिलिमीटर रुंदीची रेघ उमटते. आता समजा फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर खाली बसली आहे. तिथे बिट अर्धाच मिलिमीटर आत जाईल आणि रेघ ०.५८ मिलिमीटरची होईल. म्हणजे निम्मी. नावाची सुरुवात ठसठशीत आणि शेवट सुकलेला. तरी विक्रेत्याला फोन करून ‘मशीन खराब आहे’ म्हणणारे बरेच असतात.

उपाय आहे. यंत्राच्या पाटावर एमडीएफची, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळीची, एक पाटी कायमची बसवायची आणि पहिल्या दिवशी यंत्रालाच ती सगळी वरून हलकेच तासायला लावायची. मग ती पाटी बिटीच्या हालचालीशी तंतोतंत समांतर होते, आणि काम त्या पाटीवर करायचं. कँडल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभागाचा उंचसखलपणा आधी मोजून त्याप्रमाणे खोली बदलण्याचीही सोय आहे. पण ती धातूवर बरी चालते. बिट टेकली की विजेचं सर्किट पूर्ण होतं, या तत्त्वावर ती मोजते, आणि लाकडातून वीज जात नाही.

देवनागरीची वेगळीच तऱ्हा

इंग्रजी नाव कोरणाऱ्यांना जे प्रश्न पडत नाहीत ते आपल्याला पडतात. या यंत्राचे धडे देणारे बहुतेक व्हिडिओ रोमन अक्षरांवर आहेत, त्यामुळे इथे जरा थांबतो.

पहिला घोटाळा जुन्या फाँटचा. डीटीपीवाल्याकडून आणलेली फाइल युनिकोडपूर्व फाँटमधली असेल तर आपल्या लॅपटॉपवर ‘कुलकर्णी’च्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोड फाँट घ्यावा. मुक्ता, बालू असे चांगले फाँट फुकट मिळतात.

दुसरा घोटाळा जास्त छुपा. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावर शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. पडद्यावर सलग रेघ दिसते. यंत्राला मात्र तिथे दोन वेगळे आकार एकमेकांवर चढलेले दिसतात. मग ते शिरोरेषेत मध्येमध्ये उभ्या भिंती सोडतं, किंवा तेवढा भाग कोरतच नाही. काना आणि वेलांटी जिथे चिकटतात तिथेही हेच. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं रूपांतर आकारांत करून सगळे आकार युनियन या आज्ञेने एकजीव करायचे. दहा सेकंदांचं काम आहे. मला ते कळायला तीन फळ्या लागल्या.

तिसरी गोष्ट बिटीच्या जाडीची. सोबत येणाऱ्या बहुतेक बिटींचा दांडा ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या सुतारांच्या मापात बरोबर एक सूत. तेवढ्याच जाडीची सपाट बिट ‘क्ष’च्या पोटात शिरणार कशी? कोपऱ्यातला केर मोठ्या खराट्याने निघत नाही. तिथे व्ही-बिट हवी, आणि अक्षरांची उंची निदान दीड-दोन सेंटीमीटर ठेवावी. नाहीतर अनुस्वार भुशाबरोबर उडून जातो आणि ‘नंदा’ची ‘नदा’ होते.

मग लेझर का घेऊ नये?

घ्यावं की. पातळ प्लायवर फोटो उमटवायचा, की-चेनवर नाव जाळायचं, तर लेझर जास्त बरं. तिथे लाकूड उलट ढकलत नाही, त्यामुळे चौकट दणकट असण्याची गरज नाही आणि फळी घट्ट आवळावीही लागत नाही. पण लेझर जाळतं, कोरत नाही. बोट फिरवलं की जाणवणारी खोली आणि उतार, समईच्या पाटाचं नक्षीकाम, पितळेवरची रेघ, ही कामं स्वस्त डायोड लेझरची नव्हेत. त्याचा निळा प्रकाश पारदर्शक अॅक्रिलिकमधून सरळ आरपार जातो. पीव्हीसीवर तर लेझर कधीच चालवू नये, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी, लोखंड गंजवणारा वायू निघतो. आणि त्या लेझरच्या प्रकाशाच्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा नसेल तर घरात लेझर नकोच. मुलं असतील तर हे दोनदा वाचा.

बाहेरून करून घेणं परवडेल?

एक-दोन पाट्याच हव्या असतील तर नक्कीच. शहरात दारं नि देवघराच्या जाळ्या मोठ्या सीएनसीवर कापून देणारी दुकानं आहेत. ज्याला तासन्‌तास फायली, बिटी आणि लाकूड यांच्याशी खेळायची हौस नाही, त्याने यंत्र घेऊ नये. इतकं साधं आहे.

धंद्याचा प्रश्न वेगळा. २० बाय १० सेंटीमीटरची पाटी धरा. अक्षरं उठावदार हवीत, म्हणजे भोवतालचं लाकूड ३ मिलिमीटर खोल काढायचं. तीन मिलिमीटरच्या बिटीने शेजारच्या दोन रेघांत १.२ मिलिमीटरचं अंतर ठेवलं तर ८३ रेघा, प्रत्येकी २० सेंटीमीटर. एकूण साडेसोळा मीटरच्या वर. मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाने एका थराला ३३ मिनिटं, आणि अर्ध्या मिलिमीटरचे सहा थर. झाले तीन तास वीस मिनिटं. अक्षरांची जागा वजा केली तरी पावणेतीन-तीन तास कुठे जात नाहीत. तीच पाटी खोदीव अक्षरांत, म्हणजे व्ही-बिटीने फक्त अक्षरं कोरून केली, तर वीस-पंचवीस मिनिटांत होते. रीलमध्ये पंधरा सेकंदांत उरकतं ते बहुधा उठावाचं काम असतं. हौसेला तीन तास चालतात, दुपार मजेत जाते. गिऱ्हाईक ‘दोनशे रुपयांत द्या न’ म्हणतं तेव्हा तेच तीन तास डोळ्यांपुढे येतात.

आपल्या गावचा उन्हाळा, भुसा आणि शेजारच्या काकू

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी कूलर लागतात. कूलरची दमट हवा नेमकी यंत्राच्या नि फळीच्या अंगावर आली तर एमडीएफ फुगतं आणि दांड्यांवर गंज धरतो. सकाळी सपाट असलेली माझी सागवानाची फळी संध्याकाळपर्यंत होडीसारखी वाकली होती. तेव्हापासून लाकूड कूलरच्या खोलीत ठेवत नाही आणि दांड्यांना पंधरवड्याला मशीनचं तेल पुसतो.

भुशाचं प्रकरण मात्र गमतीत घेण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. एमडीएफच्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असतं, तेही त्याच गटात. ही जोखीम मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्या कामगारांची, पण म्हणून फुंकर मारून भुसा उडवायचा नाही. व्हॅक्युम क्लीनरची नळी बिटीजवळ बांधायची, एन-९५ मास्क लावायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. फिरत्या बिटीत मोज्याचा धागा अडकला तर बोटासकट ओढला जातो. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन, सगळं आत. आणि यंत्र चालू ठेवून बाजारात जायचं नाही. बोथट बिट एकाच जागी घासत राहिली तर भुसा धुमसायला लागतो.

आवाजाबद्दल बाकी काही सांगत नाही. समोरच्या काकू दुसऱ्याच दिवशी दारात उभ्या होत्या: ‘काय करून राहिला रे बावा, दुपारभर घुर्रघुर्र?’ यंत्राखाली जाड रबरी चटई टाकली आणि त्यांच्या तुळशीवृंदावनासाठी एक पाटी करून दिली. चटईचा उपयोग किती झाला ते माहीत नाही.

घ्यायचंच ठरलं असेल तर

अॅल्युमिनियमची चौकट घ्या, प्लास्टिकच्या सांध्यांची नको. दोन-चार हजार जास्त गेले तरी तेच पैसे खऱ्या अर्थाने कामी येतात. लिमिट स्विच हवेत आणि हाताशी येईल असं लाल इमर्जन्सी बटण हवं. बिट पकडणाऱ्या कॉलेटचं माप ईआर-११ असावं, म्हणजे सुटे कॉलेट सहज मिळतात. सोबत लेझर फुकट देतो म्हणाले तर भुलू नका, त्याऐवजी चांगल्या बिटी मागा. २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर बंदी आली, त्यामुळे आता बहुतेक जण इथल्याच विक्रेत्याकडून घेतात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि कंट्रोलर बोर्ड जळला तर सुटा मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. यंत्राच्या किमतीवर आणखी चार-पाच हजार बाजूला ठेवा: बिटी, क्लॅम्प, मास्क, चष्मा, आणि वाया जाणारी लाकडं.

वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते बंद असताना एक करून पाहा. बिट पकडणारा भाग चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, मग खालचा पाट पुढेमागे. जुन्या सायकलच्या हँडलसारखा टकटक खेळ जाणवला तर आटे झिजले आहेत. नट बदलून तो जातो, पण तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.